पायरीवरचा नवरा

"हा नवरा गेला कुठं?" कडककाका पुटपुटले आणि त्यांनी पुन्हा चार पानं मागे उलटली.

खाटेवर पडलेल्या काकूंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. दुपारची वेळ. दुकान बंद ठेवून काका बायकोच्या उशाशी कादंबरी घेऊन बसले होते. झटका आल्यापासून काकूंची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. कळत मात्र सगळं होतं. हो म्हणायचं असलं की त्या डोळे मिटायच्या, नाही म्हणायचं असलं की मान भिंतीकडे फिरवायच्या. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा. आता काकांनी बोलायचं काय, कपाळ? उभ्या संसारात बोलायचं खातं काकूंकडे आणि ऐकायचं यांच्याकडे. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, आई दुकानात वाचून दाखवायची ना, तेच पुस्तक वाचा. अर्धं राहिलंय."

काकांचं इस्त्रीचं दुकान. कडक इस्त्रीसाठी नाव, म्हणून कडककाका. माणूस म्हणाल तर लोण्याहून मऊ. इस्त्री फिरवताना नजर कपड्यावरून हलली की कपडा गेलाच. त्यामुळे तुटकी बटणं लावून झाली की काकू त्यांच्या पाठीमागच्या खुर्चीत बसून वाचनालयाचं पुस्तक मोठ्याने वाचायच्या आणि काका ऐकायचे. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही मान वळवून पुस्तकात डोकावलं नव्हतं. कशाला डोकावायचं? वाचतेय ना ती!

ही कादंबरी एका बाईची. बाई पडक्या किल्ल्याचा जिना उतरते ती थेट काही शतकं मागे. तिथे एक सेनापती तिच्यावर जीव ओवाळून टाकतो, आणि इकडे आजच्या काळात तिचा कारकून नवरा एकटा पडतो. काकांना सेनापतीचं काही कौतुक नव्हतं. "लढाईवरून आला आणि कपडे पांढरेशुभ्र? धुतं कोण याचे?" ते विचारायचे आणि काकूंची हसून पुरेवाट व्हायची. पण त्या नवऱ्यात त्यांचा जीव अडकला होता. "आज त्या बिचाऱ्याचं काय झालं?" हा रोजचा प्रश्न. "थांबा हो जरा, येतंय," काकू म्हणायच्या, आणि यायचंच. कचेरी सुटली की नवरा किल्ल्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसतो. बायको कधी परत आली तर भिजायला नको म्हणून तिची छत्री सोबत आणतो. पहारेकऱ्याने हाकललं तर रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहतो. एकदा तो पायरीवरच झोपून गेला, ते ऐकताना काकांनी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही करपवली होती.

आणि आता पुस्तकात तो नवरा नव्हताच. सुरुवातीच्या काही पानांत होता. घोरत होता, जेवताना कुरकुर करत होता. बाई जिना उतरली आणि लिहिणाऱ्याने त्याला साफ विसरून टाकलं. पायरी नाही, छत्री नाही, काहीच नाही.

लेक चहा घेऊन आली तसं काकांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. "बघ गं, मधली पानं फाटलीत का?"

तिने चाळून पाहिलं. "नाही हो. सगळी आहेत. का?"

"काही नाही."

काकांना आठवलं, नवऱ्याचा भाग यायच्या आधी काकू थोडा वेळ गप्प व्हायच्या. पान चिकटलं असेल, असं यांना वाटायचं. म्हणजे तेवढ्या वेळात त्या पायरीवरचा नवरा मनाने रचत होत्या. काकांचा ऊर भरून आला. आपण विचारतो म्हणून हिने एक अख्खा माणूस उभा केला! आणि पाठोपाठ मनात आलं, नवरा आपल्याला हवा होता. तिला हवा होता का?

पुस्तक टाकाऊ म्हणावं तर तेही जमेना. एका पानावर सेनापती बाईला विचारतो, तुला काय आवडतं? आणि उत्तर येईपर्यंत घोडा धरून उभा राहतो. काका त्या पानावर अडखळले. आपण हिला असं कधी विचारलं होतं? लग्न झालं, दुकान टाकलं, ती बटणं लावायला बसली. कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं. मेला सेनापती, ते मनात म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मग त्यांनी ठरवलं, तिने केलं ते आपणही करून पाहायचं. घसा खाकरून ते वाचल्यासारखं बोलू लागले, "आणि तेव्हा नवरा पायरीवर बसला होता. त्याच्या हातात... हातात डबा होता."

काकूंनी मान भिंतीकडे फिरवली.

"बरं बाई, डबा नको. छत्री होती."

मान तशीच.

"मग काय, नवराच नको का?" काका हसत म्हणाले. म्हणून गेले खरे, पण उत्तर बघायला त्यांना खाटेवर ओणवं व्हावं लागलं. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि डोळे मिटले.

काका पुन्हा खुर्चीत बसले. चहा निवून गेला होता. हिच्यासाठी म्हणून दुसरं काही करता येण्याजोगं त्यांच्या हाती उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी शेवटचं प्रकरण काढलं आणि जे छापलं होतं तेच वाचायला घेतलं. जिना पुन्हा दिसू लागतो. बाईला परत जायची एकच संधी असते. सेनापती तिला अडवत नाही, नुसता बाजूला होतो. बाई पहिल्या पायरीपर्यंत जाते, थांबते, आणि मागे न बघता सेनापतीकडे निघून येते.

काकांनी मान वर केली. काकूंच्या तोंडाची जी बाजू शाबूत होती ती हसत होती. आजारपणात पहिल्यांदाच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

"बाबा, आई हसतेय का?" लेकीने आतून विचारलं.

"हो," काका म्हणाले. "हसतेय." पदराच्या टोकाने त्यांनी काकूंचा गाल पुसला. "परत वाचू?"

काकूंनी डोळे मिटले.

काकांनी बोट ओळीवर ठेवलं आणि मघापेक्षा सावकाश, एकही शब्द न गाळता, बाई नवऱ्याला सोडून जाते ते पान पुन्हा वाचलं.