अंगठा उठत नाही

मी संशयी माणूस आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. बियाण्याच्या पाकिटावरचा बारीक मजकूरही मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतो. सायखेड्यात लोक हसतात. हसू देत. त्यांच्या सख्ख्या भावाने रेशनकार्डाचं काम आहे असं सांगून त्यांचा अंगठा घेतलेला नाही. माझ्या भावाने, भिकाने, घेतला आणि नदीकडची टोमॅटोची वीस गुंठे जमीन स्वतःच्या नावावर करून टाकली. तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. त्यानंतर मी प्रौढांच्या वर्गाला बसून वाचायला शिकलो, सही शिकलो आणि ठरवलं की या डाव्या अंगठ्याला पुन्हा शाई लागू द्यायची नाही.

रेशनच्या यंत्रावर तेवढा लावावा लागतो, पण तिथे तो उठत नाही. निंदणी, कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटोची सुतळी, यात अंगठ्याच्या रेषा कधीच झिजून गेल्या. दुकानदार म्हणतो, डोक्याच्या तेलावर घासा. माझ्या डोक्यावर ना केस ना तेल. हर्षाली, माझी मुलगी, लहान होती तेव्हा आपलं चपचपीत तेल लावलेलं डोकं पुढे करायची. मी तिच्या भांगावर अंगठा घासायचो, यंत्रावर ठेवायचो आणि दुकानदार पुन्हा म्हणायचा, उठत नाही.

आता सांगा, अशा माणसाच्या अंगठ्याला दुपारी ओट्यावर झोपलेला असताना काहीतरी गार लागलं, तर तो काय करील? गेल्या दिवाळीत मी डोळे उघडले तर अंगठा पांढरट झालेला आणि समोर हर्षाली, हातात गणपतीच्या शाडूमातीचा गोळा. मी ओरडलो, कुठल्या कागदाला घेतलास? ती हसली. त्या हसण्याने माझं डोकंच फिरलं. तिची पिशवी मी अंगणात फेकली. संध्याकाळच्या एसटीने ती नाशिकला निघून गेली. गोळा मात्र घेऊन गेली, हे मी बरोबर पाहिलं.

पुढचे अकरा महिने आम्ही बोललो नाही. दर महिन्याला मी सातबारा काढून बघायचो. तिचं नाव कुठे चढलेलं नसायचं. त्याने जीव शांत व्हायला हवा होता, पण मला वाटायचं, पोरगी शिकलेली आहे, घाई करणार नाही.

मग परवा बायको, छाया, म्हणाली की हर्षालीचं नाशकात गंगापूर रोडला प्रदर्शन लागलंय, दिव्यांचं, हात लावला की पेटणाऱ्या मूर्तींचं, आपण जायचं. छाया मला कधी ‘जायचं’ म्हणून सांगत नाही, विचारते. त्यातून तिने ठेवणीतलं लुगडं काढलं आणि मला न मागता दुसरा चहा दिला. माझ्या लक्षात आलं की यात काहीतरी आहे. तरी निघालो, कारण माझ्या अंगठ्याचं काय केलं ते मला बघायचं होतं. पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी पक्कड टाकली. सापडला तर काढून घरी आणायचा, असा माझा सरळ हिशेब होता.

गॅलरीच्या दाराशीच टेबल. त्यामागे पूजा नावाची मुलगी, तिच्या गळ्यातल्या कार्डावर तसं लिहिलं होतं. तिने कागद पुढे सरकवला आणि सही मागितली. झालं. मी चष्मा लावून कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मागे रांग लागली. आत आमचे फोटो काढले जातील आणि ते वापरायला आमची हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. माझी हरकत होती. पूजा म्हणाली, मग सही नका करू, नुसतं बघा. इतक्या सहज सोडलं याचाही मला संशय आला. छायाने मात्र टेबलावर वाकून तिच्या कानात काहीतरी विचारलं आणि ती मुलगी माझ्याकडे बघून हो म्हणाली.

आत भरदुपारी काळोख. खिडक्यांना काळे पडदे. मी हात मागे बांधून चाललो. एका बाईने तांब्याच्या नळीला हात लावला तर उजेड नळीतून सरसर वर चढला. एका नवराबायकोने एकमेकांचा हात धरून दोन गोळ्यांवर तळवे ठेवले तेव्हा छतभर दिवे लागले. मला वाटलं, पडद्यामागे कुणीतरी बटणं दाबत बसलाय. मी पडदा उचलून पाहिला. मागे वायरींचा गुंता आणि एक टेबलफॅन. माणूस नव्हता. मग तर जास्तच वाईट, म्हणजे ही वस्तू स्वतःच माणसाला ओळखत होती.

शेवटच्या खोलीत माझा अंगठा उभा होता.

माझ्याहून उंच, वाफ्यांसारख्या वळत गेलेल्या काचेच्या बारीक नळ्यांचा. मी त्याला लगेच ओळखलं. विळा लागल्याचा तिरपा व्रण तसाच होता. खाली काळ्या गोल पट्टीवर लोक हात ठेवत होते आणि रेषा खालून वर उजळत जात होत्या. मध्यभागी मात्र काळं राहायचं. तिथे नळ्याच नव्हत्या, जशा माझ्या अंगठ्यावर रेषा नाहीत. बाजूला पाटी होती, ती मी दोनदा वाचली. ‘उठत नाही. हा अंगठा माझ्या वडिलांचा आहे. यंत्र त्यांना ओळखत नाही.’

माझा हात पिशवीतल्या पक्कडीवर होता. तो तिथेच राहिला.

हर्षाली कोपऱ्यात उभी होती. वाळली होती पोरगी. ती आली, माझ्या पिशवीकडे बघितलं, आणि वाकून पाया पडली.

“विचारायचं व्हतं,” मी म्हणालो.

“विचारलं असतं तर दिला असता, आबा?”

“नसता दिला.”

मग मीच म्हटलं, नंतर तरी सांगायचं. त्यावर ती म्हणाली की पिशवी अंगणात गेल्यावर सांगायला जागा कुठे उरली होती. ते खरं होतं आणि मला ते फार झोंबलं. अकरा महिने मी सातबाऱ्यावर जिचं नाव शोधत होतो, ती इथे माझे व्रण मोजत बसली होती.

मी पट्टीवर डावा हात ठेवला. सगळ्यांसाठी पेटणारा माझा अंगठा माझ्यासाठी पेटला नाही. पुन्हा ठेवला. काहीच नाही. कुणीतरी म्हणालं, काकांचे हात खरबरीत आहेत, घट्टे पडलेत. हर्षाली माझ्यापुढे उभी राहिली आणि तिने डोकं खाली केलं. तेवढ्या लोकांसमोर मी तिच्या भांगावर अंगठा घासला आणि पट्टीवर टेकवला.

“उठत नाय,” मी म्हणालो. ती हसली. तेच दिवाळीतलं हसणं होतं, आणि त्यात तेव्हाही काही नव्हतं हे मला आत्ता दिसलं. मीही हसलो.

तेवढ्यात पूजा आली. हातात कागद.

हर्षालीचं हसू गेलं. छाया जमिनीकडे बघायला लागली. म्हणजे दुसऱ्या चहाचं कारण हे होतं तर. माझी कानशिलं तापली.

“आला ना शेवटी कागद,” मी म्हणालो.

“आला,” हर्षाली म्हणाली. तिने काही लपवलं नाही. हा अंगठा पुढे पुण्याच्या प्रदर्शनात जायचा होता. ठसा तुझ्या वडिलांचा, तर त्यांची लेखी परवानगी आण, नाहीतर शिल्प उतरव, असं पुण्याच्या लोकांनी तिला सांगितलं होतं. आज संध्याकाळपर्यंत मुदत होती. “तुम्ही नाही म्हणालात तर मी स्वतः उतरवीन, आबा. चोरून घेतलेलं मला पुण्याला न्यायचं नाही. पण तुम्ही आलात ते कागदासाठी बोलावलं म्हणून, असं समजू नका. कागद नसता तरी मला तुम्हाला बोलवायचंच होतं, फक्त धीर होत नव्हता.”

हे खरं की खोटं? माझ्या डोक्यात भिका उभा राहिला. तोही असाच गोड बोलत माझ्या शेजारी बसला होता. कागद दोन पानी होता, अक्षर बारीक. पूजाने पेन पुढे केलं आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं.

मी पेन घेतलं नाही. मी विचारलं, शिक्क्याचं पॅड हाय का?

पूजा गोंधळून टेबलाकडे गेली आणि निळं पॅड घेऊन आली. हर्षालीने तोंडावर हात ठेवला. एकतीस वर्षं कोरडा ठेवलेला अंगठा मी शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. ठसा उमटला. मध्ये पांढरा डाग, त्यातून तिरपा व्रण.

“काका, आधी वाचून तरी घ्यायचं ना,” पूजा म्हणाली.

चष्मा माझ्या खिशात होता. तो मी काढला नाही.

“माझ्या पोरीनं वाचलाय,” मी म्हणालो.