आठ खोल्या, आठ ओले टॉवेल

बेटावर हॉटेल काढायची अक्कल माझीच. बायकोला दोष देण्यात अर्थ नाही; ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "अहो, इथं माडांना भेटायला कोण येणार?" तीस वर्षांच्या संसारात तिचं एकदाही चुकलेलं नाही आणि मी एकदाही ऐकलेलं नाही.

आठ खोल्या, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, प्रत्येकीला लाकडी गॅलरी. नववी तशीच, ती आमची. दुपारची होडी धक्क्याला लागायची, माणसं उतरायची, आमच्या ओसाड गॅलऱ्या बघायची आणि सरळ पलीकडच्या हॉटेलात जायची. रिकाम्या हॉटेलात पाय ठेवायला माणूस बिचकतोच. शेवटी बायकोनं बॅग भरून दारात ठेवली.

"रविवारपर्यंत एक तरी पाहुणा दाखवा, नाहीतर मी निघाले ताईकडे. मला माणसांशी बोलायचंय हो! भिंतींशी बोलून बोलून जीव विटला माझा."

ती गेली तर मी मेलो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तोंडानं कोण बोलणार? मी कामाला लागलो.

होडी यायच्या तासभर आधी आठ टॉवेल बादलीत बुचकळायचे आणि आठ कठड्यांवर टाकायचे. दारांबाहेर चपला मांडायच्या, बायकोनं फेकायला काढलेले जुने जोड. सहा नंबरात रेडिओ लावून ठेवायचा. धक्क्यावरून हॉटेल असं गजबजलेलं दिसायला लागलं, की माझं मलाच कौतुक वाटलं. बायकोनं कपाळाला हात लावला. "सोंगं करण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही."

चौथ्या दिवशी बादली घेऊन वर गेलो, तर टॉवेल आधीच ओले. म्हटलं, हिनंच भिजवले असतील, कितीही रागावली तरी बायकोच ती. पाचव्या दिवशी चपलांमध्ये ओली वाळू. खाली येऊन विचारलं तर उखडलीच माझ्यावर, "मला काय दुसरे उद्योग नाहीत?"

तेवढ्यात चार नंबरची घंटा वाजली. भरदुपारी, स्वच्छ, दोनदा. कुणीतरी चहा मागवावा तशी.

माझी पाचावर धारण बसली. बायकोनं मात्र केस सारखे केले, ट्रे उचलला आणि वर गेली. अर्ध्या तासानं उतरली ती हसत. कप रिकामा होता.

"चांगली माणसं आहेत," म्हणाली. "साखर कमी लागते त्यांना."

"अगं, कोण माणसं? खोली मोकळी आहे!"

"तुम्हीच बोलावलंत ना? आता सरका, आठ जणांचं करायचंय मला."

शनिवारी ती जेवायलाही खाली आली नाही. वरून तिचं हसणं ऐकू यायचं, मध्येच थांबायचं, समोरच्याचं ऐकून घ्यावं तसं. किती वर्षांनी हसत होती बिचारी! आणि इथं माझ्या अंगावर काटा. जिन्यात तिला हाक मारली, तर तिनं माझ्याकडे नव्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं बघितलं. हात धरला, तो गार आणि ओलसर लागला.

रविवारी होडीचा भोंगा ऐकला आणि तिची बॅग मीच उचलली. "चल, ताईकडे जाऊ. हात जोडतो तुझ्यापुढे. तुझ्याशिवाय मला नाही जमायचं." तीस वर्षांत हे पहिल्यांदा बोललो.

"अहो, घर भरलंय आणि मी कुठं जाऊ?" ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

एकट्यानं वर जायची छाती होईना. होडीवाल्याला सोबत आणावं, दोघांनी मिळून तिला खाली ओढावं, म्हणून मी धक्क्यावर धावत सुटलो. तो माझं काही ऐकेचना. आ वासून हॉटेलाकडे बघत होता.

"शेठ, यंदा चंगळ आहे की तुमची!"

मी वळलो. नऊच्या नऊ गॅलऱ्यांत एकेक बाई उभी होती. हिचीच उंची, हिचीच कमरेवर हात ठेवायची सवय.

"यातल्या वहिनी कुठल्या हो?" त्यानं विचारलं.

मी हात हलवला. नऊ हात एकदम वर झाले, आणि त्यातला तिचा कुठला, हे मला, तीस वर्षांच्या नवऱ्याला, ओळखता येईना.