न हलवलेली बाटली

मी सायकलचा मागचा टायर बोलतोय, बिनट्यूबचा. तोंड वर करून सांगावं असं हे नाही, पण पोटातही राहत नाही.

माझ्या पोटात ट्यूबऐवजी पांढरं, दुधासारखं सीलंट असतं. काटा घुसला की ते धावत जाऊन भोक बुजवतं. चार-सहा महिन्यांत ते सुकतं, मग नवं ओतावं लागतं.

घरची आई भारी काळजीची. बाळाचं कपाळ चाचपलं की तोच हात मला लावायची. "मऊ लागतोय का हो?" नवरा हसायचा, "अगं, टायरला ताप येत नाही!"

एका दुपारी तिने सीलंटची बाटली काढली. बुजवणारा गाळ तळाशी बसतो, म्हणून आधी जोरात हलवायची, असं सायकलवाल्या काकांनी बजावलं होतं. गाळ ढवळायला बाटलीत एक गोळी असते. तिने एकदाच हलवली, खडखड झालं. तासभर थोपटून नुकतंच निजलेलं बाळ चुळबुळलं. ती थिजलीच. मग हळूच, तशीच बाटली माझ्यात रिकामी केली. वरचं पाणी तेवढं आलं, गाळ तळालाच राहिला. हवा भरताच मी गरगरीत दिसू लागलो. ती निर्धास्त झाली. अंगठ्याने दाबलं की मी कडकच लागायचो.

दोन दिवसांनी बाळ तापाने फणफणलं. त्याला मागच्या खुर्चीत बसवून ती दवाखान्याला निघाली. वाटेत काच घुसली. पोटातलं पाणी फसफसून उडालं, भोक काही बुजेना. बाळ कडेवर, एका हातात सायकल, अशी ती धापा टाकत चालली. मी चपटा होऊन फरफटत होतो. डॉक्टर कुलूप लावता लावता भेटले, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात नवरा काकांवर उखडला. "काका, नव्या टायरने सहा महिन्यांत मान टाकली! हलका माल गळ्यात मारलात."

काकांनी आईकडे पाहिलं. "ताई, बाटली हलवली होतीत ना?"

"हो," ती पटकन म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. "मग चूक माझीच. बदलून देतो." त्यांनी मला भंगाराच्या ढिगावर टाकलं.

आई दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"काका, खोटं बोलले. नव्हती हलवली. बाळ उठेल म्हणून..."

नवरा जमिनीकडे बघू लागला. काका मात्र हसले. "अहो, मग माझ्याकडे पाठवायची! इथे दिवसभर खडखडाटच असतो."

त्यांनी मला आतून ठिगळ लावलं, नीट हलवलेलं सीलंट भरलं. आता आई बाटली हलवते तेव्हा बाळाला तो खुळखुळाच वाटतो.

तिने खरं सांगून टाकलं. मला मात्र ते दोन दिवस अजून खातात. आत भोक बुजवणारं काही नसताना मी तिच्या अंगठ्याखाली कडक लागत होतो. म्हणून हात जोडून सांगतो, नुसतं दाबून माझ्यावर भरवसा ठेवू नका.