पिठाची हडळ

ढाणकीच्या नाल्याकाठी रुपीबाईचा हरभरा उभा होता आणि त्याला कुंपण नव्हतं. सगळ्या शिवारात बांधाबांधावर बाभळीचे काटे, पण रुपीबाईच्या अर्ध्या एकराला एक काटकी नाही. तरी कुणाची शेळी त्यात तोंड घालत नसे. गुराखी लांबून वळसा घेत. शेजारच्या वावराचा धनी बाबाराव. त्या ओलिताच्या तुकड्यावर त्याची बारा वर्षं नजर. तोही बांधापाशी आला की मान खाली घालून निघून जायचा.

कारण रुपीबाई चेटकीण होती. म्हणजे गावानं तसं ठरवलं होतं. बारा वर्षांमागं तिचा नवरा गेला, त्याच साली पटकी आली, दोन लेकरं दगावली, आणि गावानं तिला एरंडाच्या फोकांनी मारून तीन दिवस कोंडवाड्यात गुरांसोबत कोंडलं. चौथ्या दिवशी ती बाहेर आली. ज्यानं कडी लावली होती त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आठ दिवसांत त्याचा बैल मेला. त्या साली रोगानं दहा बैल मेले होते, पण गावाला तेवढा एकच आठवत राहिला.

देवानं आपल्याला दुसरं काही दिलं नाही, हे एक दिलं, असं रुपीबाईनं तेव्हा जाणलं, आणि ते तिनं दुभत्या गाईसारखं जपलं. केस मोकळे सोडले. विधवेनं लावू नये ते कुंकू कपाळभर फासलं. मग दर अवसेला तिच्या उंबऱ्यावर भाकर येऊ लागली, कांदा येऊ लागला, कधी गुळाचा खडा. जात्यावर बसली की ती आपल्याशीच म्हणायची :

भेवाचं कुंपण माझ्या वावराच्या काठी
काटा नाही त्याले तरी गाव थांबे पाठी

महाराष्ट्र झाल्यानंतरचा दुसरा हिवाळा. कापूस घरी आला, लोकांचे हात मोकळे झाले, आणि उमरखेडचा मोहिउद्दीन शेठ आपला तंबू सिनेमा घेऊन बाजाराच्या मैदानात उतरला. खेळ होता हडळीचा. दिवे लागले की भोंगा वाजायचा आणि अख्खं गाव बसायला पोती घेऊन तिकडे धावायचं. शेठकडे यंत्र एकच. एक रीळ संपलं की खेळ थांबायचा, दिवा लागायचा, लोक शिट्ट्या मारायचे. तेवढा वेळ निभावून न्यायला शेठनं तंबूसोबत फिरणाऱ्या जफर मिस्त्रीला हडळ बनवला होता. तोंडाला ज्वारीचं पीठ, डोक्यावर अंबाडीच्या वाखाचे केस. तो पडद्यापुढे उड्या मारायचा, लोक त्याला शेंगांची टरफलं मारायचे, तोवर दुसरं रीळ चढायचं.

रुपीबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की या अवसेला उंबऱ्यावर भाकर आली नाही.

दुसऱ्या दिवशी नाल्यावर बाबारावाची सून कोकिळा धुणं धूत होती. एरवी रुपीबाई दिसली की ती लेकराला पदराखाली घ्यायची. आज तिनं वर पाहिलं आणि हसू दाबलं.

“मावशी, दात सांभाळा बरं.”

बाकीच्या बाया पदरात तोंड लपवून हसल्या.

“कोणते दात व?” रुपीबाई म्हणाली.

“शिनेमातल्या हडळीचे. कच्चा चबा जाऊंगी म्हणून येते, अन् तिचे दातच पडतात वरणात. मंग बसते वरणात हात घालून हुडकत. तुमच्यासारखंच कुंकू, मावशी. अन् केसही अस्सेच.”

“अन् तुमाले भेव नाही वाटत?”

“वाटते ना. पहिले लय वाटते, छातीत धस्स होते. मंग हासू येते.” कोकिळेनं पिळा झटकला. “भेवाच्या पाठीमागून येते ना, ते हासू लय गोड लागते. आमच्या घरात अशी पोटभर हासायची सोय हाये का?”

लग्न होऊन आल्यापासून तीन वर्षांत कोकिळा तिच्याशी एवढं बोलली नव्हती. रुपीबाईला क्षणभर बरं वाटलं, आणि मग तिला रिकामा उंबरा आठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबारावाचे बैल तिच्या हरभऱ्यात होते. दोन ओळी गेल्या होत्या. ती बांधावर उभी राहिली, केस सोडले आणि त्याच्याकडे पाहिलं, कोंडवाड्यातून बाहेर येताना पाहिलं होतं तसं.

बाबाराव तंबाखू चोळत राहिला. “काय पाहून राह्यली, रुपे? दात कुठी हाये तुये?”

बारा वर्षांत पहिल्यांदा ती रुपीबाईची रुपी झाली. त्यानं बैल हाकलले, पण सावकाश, ओळखीच्या वाटेनं हाकलावेत तसे. ती समजली. आज गावाचं भेव परत आणलं नाही, तर उद्या हरभरा नाही, आणि परवा तुकडाही नाही.

दिवे लागले तशी ती तंबूत शिरली आणि बायांच्या कनातीआड उभी राहिली. पडद्यावर हडळ आली. तेच कुंकू, तेच केस, तेच डोळे वटारणं. बाया एकमेकींना बिलगल्या, लेकरं ओरडली. मग दात पडले वरणात, आणि सगळा तंबू मळणीच्या खळ्यासारखा उधळला. रुपीबाईच्याही ओठांच्या कडा हलल्या. तिनं पदर दातांत घट्ट धरला.

रीळ संपलं. दिवा लागला. जफरच्या आधी तीच पडद्यापुढे गेली.

ती ओरडली नाही. मूठभर माती उचलली, समोरच्या रांगेवर फेकली आणि म्हणाली, “कोंडवाडा आठवते का कोणाले? मले एकेकाचा हात आठवते.”

शिट्ट्या थांबल्या. एक म्हातारा उठून उभा राहिला. बाबारावाच्या हातातली शेंग हातातच राहिली. कोकिळेनं लेकराला ओढून पदराखाली घेतलं. रुपीबाईनं ते पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला. आलं, भेव परत आलं.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं, काहीच ठाऊक नसलेला जफर पिठाचं तोंड घेऊन उडी मारत आला. समोर रुपीबाई. तो जागीच थिजला. “या अल्ला,” म्हणाला, मागच्या मागे पळाला आणि कनातीत अडकून कनातीसकट आडवा पडला.

आधी एक जण हसला. मग सगळे. शेठनं आज दोन हडळी आणल्या म्हणून लोकांनी शिट्ट्या मारल्या. टरफलं आली, ढेकळं आली. “दात दाखव, दात दाखव,” पोरं ओरडू लागली. ती शिव्याशाप देऊ लागली तसं हसू वाढत गेलं. तिनं कोकिळेकडे पाहिलं. कोकिळा डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती, लेकराला उंच धरून त्याला दाखवत होती. इतकी सुंदर ती कधी दिसली नव्हती.

खेळ सुटल्यावर शेठ म्हणाला, “मावशी, कमाल केली. रोज या. जफरला जोडीदारीण पाहिजेच होती.”

जफर मान खाली घालून उभा होता. “मी खरंच भ्यालो, मावशी. बनाव नव्हता तो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला भिणारा आता हा एकच उरला होता, आणि तंबू आठ दिवसांत पुसदला जाणार होता.

सकाळी हरभऱ्याच्या जागी खुरांची माती होती. बाबाराव बांधाच्या पलीकडे, तिच्या बाजूनं, बाभळीचे काटे रोवत होता; तुकडा आपल्या वावरात घेत होता.

संध्याकाळी ती तंबूच्या मागच्या अंगाला गेली. जफरनं परातीतलं पीठ मुठीत घेतलं.

“पीठ कायले? काल तर तसाच भ्याला होता,” ती म्हणाली.

“लोकांसाठी, मावशी.” त्याचा हात घुटमळला. “बिनापिठाच्या तुम्ही आता नुसत्या म्हाताऱ्या दिसता.”

तिनं डोळे मिटून तोंड पुढे केलं. ओठावर आलेलं पीठ हळूच जिभेनं टिपलं. ज्वारी नवी होती.