धोट्याचा चौथा अल्बम

भिवंडीत लूमच्या खडखडाटाला कुणी संगीत म्हणत नाही. ज्या चौघांना ते तसं वाटलं, त्यांनी बँड काढला आणि नाव ठेवलं ‘धोटा’. मागावर दोरा घेऊन इकडून तिकडे धावतो, तो धोटा. गायला नेत्रा पाटील, ड्रमवर भावेश, आणि गिटारवाले दोघे भाऊ.

दीक्षा गायकवाड आठवीत असताना शेजारच्यांच्या मोबाइलवर तिने त्यांचं एक गाणं ऐकलं आणि पोरगी कामातून गेली, असं तिची आई वनिता अजून सांगते. आता दीक्षा भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये शिफ्टची सुपरवायझर आहे. हाताखाली स्कॅनिंगची पोरं आहेत, पगारही बरा आहे. पण येता-जाता कानात धोटाच.

एका रविवारी तिने मोबाइल खिडकीला टेकवून व्हिडिओ केला आणि त्यात धोट्याचे चारही अल्बम उत्तम ते टाकाऊ अशा क्रमाने लावून टाकले. पहिल्या नंबरावर ‘धागा तुटला’. त्यात नेत्राचा आवाज वर चढतो तेव्हा अंगावर काटा येतो, यावर तिला वादच नको होता. दुसऱ्यावर त्यांचा पहिला अल्बम, ‘दुसरी पाळी’. रेकॉर्डिंग भिकार, पण ड्युटीवरून आलेला माणूस हात न धुता जेवायला बसावा तशी भूक आहे त्यात. तिसरा ‘खाडीकडून’. गाणी चांगली, पण गिटारवाल्यांना थांबायचं कुठे ते कळत नाही. आणि शेवटी ‘मोकळं’.

“यात नेत्राताई गात नाहीत,” दीक्षा म्हणाली, “एसटी डेपोत गाड्या पुकारतात. हा अल्बम काढायची गरजच काय होती?”

हे शेवटचं वाक्य लोकांनी उचललं. गोडाऊनमधल्या पोरांनी एकमेकांना पाठवलं, वाड्यापासून कल्याणपर्यंत फिरलं. दीक्षा खूश होती. मग एका दुपारी मेसेज आला: “मी नेत्रा पाटील. रविवारी अंबाडीला ये. नाक्यावर कपड्यांचं दुकान आहे, तिथे असते मी.”

दीक्षाने मेसेज पुन्हा वाचला. तिने तो मेसेज आईला दाखवला.

“जाऊ की नको?”

वनिताबाई भाजी निवडत होत्या. “बोलताना मला विचारलं होतंस?” त्या म्हणाल्या. “बोललीस ना, मग जा. त्या बाईलापण तोंड आहे. ऐकून ये.”

अंबाडीच्या नाक्यावर दुकान सापडायला वेळ लागला नाही. आत चाळिशीची बाई ड्रेसच्या घड्या घालत होती. दीक्षाने नाव सांगितलं. बाईने मान वर केली आणि म्हणाली, “बस. चहा घेशील?”

तेवढ्या शब्दांतच दीक्षाला कळलं. आवाज जाड होता, खालचा, घोगरा. ज्या आवाजाने तिला वेड लावलं होतं, त्याचा मागमूस नव्हता. ओढणीच्या कडेला गळ्यावर आडवा व्रण दिसत होता.

“गाठ व्हती,” नेत्रा म्हणाली. “ऑपरेशन झालं. डॉक्टर बोलले, आवाज येईल न येईल, सांगता येत न्हाय. बाहेर कुनाला बोललो न्हाय आम्ही.”

“म्हणजे ‘मोकळं’...”

“त्याच्या नंतरचा.”

दीक्षाला मान वर करवेना. “ताई, मी व्हिडिओ काढून टाकते. आत्ता लगेच.”

“काढू नको.” नेत्राने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. “दोन दिवस राग आला मला, खोटं कशाला बोलू? शिव्यापण घातल्या तुला. पन तो अल्बम निघाला तवा सगले बोलले, मस्त झालाय. भावेश बोलला, घरचे बोलले. मला ठावं व्हतं, मस्त न्हाय झाला. पन सगलेच मस्त बोलले, तर मी कुनाशी बोलायचं?”

दीक्षाने कप हातात घेतला.

“आनि गरज काय व्हती ते विचारलंस ना? गरज मला व्हती. तवा गायले नसते, तर परत कधी गायलेच नसते.”

रस्त्यावर वाड्याची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. दोघी चहा प्यायल्या. मग नेत्राने मूळ काम सांगितलं. पाचवा अल्बम करायचा होता. पडघ्याजवळ भावेशच्या घरच्यांचं बंद पडलेलं लूमचं शेड होतं, तिथे दर रविवारी प्रॅक्टिस. “ते तिघं मला लागंल असं काय बोलनार न्हाईत. तू ये आनि बोल.”

पहिल्याच रविवारी दीक्षाला वाटलं, उगाच आले. नेत्राने ‘धागा तुटला’मधलं गाणं जुन्याच पट्टीत घेतलं. वरच्या सुराला आवाज फाटला. गिटारवाले भाऊ आपापल्या तारा बघत राहिले. भावेश म्हणाला, “बरा झाला की.”

नेत्रा दीक्षाकडे बघत होती.

“नाही झालं,” दीक्षा म्हणाली. तिचे कान तापले होते. “ताई, तुम्ही वर पोचायच्या नादात असता, शब्द खालीच राहतो. दुकानात माझ्याशी बोलत होतात ना, त्या आवाजात गाऊन बघा.”

“ही कोन आमाला शिकवनारी?” भावेश म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

पण भावांनी गिटारी खालच्या पट्टीत लावून घेतल्या. लगेच काही जादू झाली नाही. खालच्या पट्टीत गाणी आधी झोपाळू वाटली, कितीतरी रविवार तसेच गेले. दीक्षाचं सगळंच बरोबर निघालं असंही नाही. एका गाण्यात ड्रम नकोच, असा तिने हट्ट धरला. ड्रम काढले तर गाणं ओल्या कपड्यासारखं लोंबायला लागलं. दीक्षाने चूक कबूल केली, भावेशने काठ्या उचलल्या आणि त्या दिवसापासून तो तिच्याशी नीट बोलायला लागला.

मग एकदा नेत्रा ‘मोकळं’मधलंच एक गाणं सहज, काही न ठरवता गायली. संथ, शेजारी बसून सांगावं तसं. भाऊ वाजवायचे थांबले. नेत्राने डोळे पुसले आणि म्हणाली, “परत घेऊ.”

हिवाळ्यात पडघ्याच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. गोडाऊनमधली पोरं आली, भिवंडीहून जुने चाहते आले, वनिताबाई पुढच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसल्या. नेत्राने आवाज लावला तशी कुजबुज सुरू झाली. मागून कुणी ओरडलं, “ताई, जुन्या आवाजात!” काहीजण उठून चहाला गेले.

नेत्रा माइकजवळ आली. “जुना आवाज गेला,” ती म्हणाली. “ऑपरेशनमध्ये. आता हा हाय.” हे तिने आजवर चारचौघांत कधी सांगितलं नव्हतं. मग तिने ते ‘मोकळं’मधलं गाणं घेतलं. हॉल हळूहळू गप्प झाला. चहाला गेलेले दारात उभे राहून ऐकू लागले. गाणं संपल्यावर टाळ्या जरा उशिरानेच आल्या, पण आल्या त्या थांबेनात. वनिताबाई लेकीकडे वळून म्हणाल्या, “बाई जीव लावून गाते गं.”

सामान आवरताना नेत्राने दीक्षाला गाठलं. “आता तरी चौथ्याला वर सरकव.”

“नाही ताई. गाणं आज चांगलं झालं. अल्बम आहे तिथेच आहे.”

भावेश केबल गुंडाळता गुंडाळता हसला. नेत्राने दीक्षाच्या पाठीत एक धपाटा घातला.

पाचव्याचं रेकॉर्डिंग ठाण्याला ठरलं. दीक्षाने शिफ्ट बदलून घेतली. स्टुडिओतल्या माणसाने काचेच्या अलीकडे, आपल्या शेजारी बसलेल्या तिच्याकडे बोट करून विचारलं, “या काय वाजवतात?”

“वाजवत न्हाय,” नेत्रा आतून म्हणाली. “ती ऐकते.”

त्याने एक हेडफोन दीक्षाच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला, खुर्ची पुढे ओढली, आणि भावेशने काठीवर काठी मारून चार मोजले.