मामाचा पाय ब्रेकवर

त्या रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात पन्नाससाठ माणसं एका जुन्या पांढऱ्या मोटारीच्या मागे गोळा झाली होती. गाडी बंद, दारं बंद, किल्ली माझ्या मामीच्या हातात. आणि मागचे दोन लाल दिवे मात्र लखलखत होते! ब्रेक दाबल्यावर लागतात ते दिवे. पण ब्रेक दाबायला आत कुणी असेल तर शपथ.

"तेच आहेत हो," पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. "हयातीत तरी त्यांचा पाय ब्रेकवरून कधी हलला?"

हे खरं होतं. माझा मामा मुंगीलाही आधी जाऊ द्यायचा. त्याला जाऊन दोन महिने झाले होते. मामी शिवणकाम करते, आणि शाळांचे गणवेश पोचवायला आता गाडी तीच चालवायची. आठवड्यापूर्वी हे दिवे आपोआप लागायला लागले, तशी ती रोज दुपारी गाडीत जाऊन बसायची. गच्चीचं दार दुरुस्त झालं, धाकटीला खोकला झालाय, असं काहीबाही मामाला सांगायची. वर तिच्या मशीनवर कापड तसंच पडलेलं असायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. "तारांचा घोळ आहे," मी ऐटीत जाहीर केलं आणि एक फ्यूज उपटला. गाडीतलं घड्याळ बंद पडलं. दिवे होते तसेच.

"मामांनी वेळ थांबवली!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मी मुकाट्याने मागे सरलो.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी शांतीबाबांना घेऊन आले. पायघोळ झगा, छातीपर्यंत दाढी आणि बोलणं असं, की निम्मं कळू नये आणि उरलेलं खरं वाटावं.

"अडकलेला जीव ऋणभारित असतो," बाबा म्हणाले. "तो बॅटरीतून आहार घेतो."

"म्हणूनच बॅटरी रोज उतरते, रोज चार्ज करावी लागते!" सेक्रेटरी धन्य झाले.

बाबा चालकाच्या जागेवर बसले. दार उघडंच ठेवलं आणि दोन्ही हात वर केले. "हे जीवा, ऐकतोस? ऐकत असशील तर दिवा विझव."

दिवे विझले. मागे उभ्या लोकांनी हात जोडले.

"या गाडीत सुखी आहेस?"

दिवे भक्कन पेटले ते पेटलेलेच राहिले. नाही! मामीने तोंडाला पदर लावला.

"मग आश्रमात यायचंय?"

दिवे दोनदा विझले. आजी तिथेच डोकं टेकून मोकळ्या झाल्या.

"गाडी आश्रमात पाठवा, माई. जीव सुटेल."

मामीने किल्ली पुढे केली, आणि मध्येच तिचा हात थांबला. ती बाबांच्या गुडघ्याकडे पाहत होती.

"आणखी एकदा विचारा त्यांना."

बाबांनी विचारलं. दिवे विझले.

"बाबा, झगा जरा वर घ्या."

"माई, जीवाचा कोप होईल!"

"होऊ दे. चाळीस वर्षं पायाने मशीन चालवतेय मी. पाय दाबला की गुडघा खाली जातो. तुमचा दर वेळी दिवे विझताना वर येतोय."

असं म्हणून तिने खाली वाकून झगा उचलला. बाबांच्या पायाचा अंगठा ब्रेकच्या पेडलखाली अडकवलेला होता! दाबतोय का, एवढंच आम्ही बघत होतो. बाबा पेडल वर उचलत होते. त्यांच्या पाया पडायला सगळे वाकले होते, पायाकडे बघायला कुणीच नाही.

"हा ऊर्जेचा संपर्क आहे," बाबा पुटपुटले. पण आता लोक वाकून वाकून अंगठा बघायला लागले होते.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गाड्यांचं वायरिंग करणारी एक बाई आहे. कायम टॉर्च घेऊन फिरते म्हणून सगळे तिला टॉर्चताई म्हणतात. तिला बोलावलं. ती उलटी होऊन पेडलपाशी शिरली आणि तिथूनच बोलू लागली.

"पेडलच्या वर हा स्विच असतो. पाय नसला की पेडलचा दांडा याचं बटण दाबून धरतो, म्हणून दिवा बंद. पाय पडला की दांडा दूर जातो, बटण बाहेर येतं, दिवा चालू. फ्रिजच्या दारापाशी असतं ना, तसंच. यातलं बटण झिजलंय. दांडा आता तिथवर पोचतच नाही, नखाएवढी फट राहते. पेडल उचललं की फट बुजते. या आजी, तुम्ही दाबा."

आजींनी बोट लावलं, दिवे विझले. सोडलं, लागले. त्यांनी सहासात वेळा करून पाहिलं. मग त्यांना उठवावं लागलं.

टॉर्चताईने जोडणी काढली, नट सैल करून जुना स्विच सोडवला, नवा बसवला आणि बटण दांड्याला नीट टेकेपर्यंत फिरवून नट आवळला. "बरं झालं, बोलावलंत. दिवा सदाच लागलेला असला, तर तुम्ही थांबताय हे मागच्या गाडीला कळणार कसं? कुणीतरी येऊन आदळलं असतं."

मामीने ब्रेक दाबला. "लागले!" मी मागून ओरडलो. सोडला. "गेले!"

या गडबडीत बाबा कधी सटकले, कळलंच नाही.

मामीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "म्हणजे आठवडाभर मी स्विचशी बोलत होते," ती म्हणाली. तिने ब्रेक आणखी एकदा दाबून सोडला. मग म्हणाली, "बोलले ते बोलले. मोकळं वाटलं. पण त्यांच्या नावाने दुसरंच कुणी उत्तरं देत होतं, ते नको." आणि दार लावून गणवेश शिवायला वर गेली.

दुःखात माणूस भोळा होतो, त्यात लाज कसली? लाज मला माझी वाटली. विज्ञान शिकवणारा मी, एकदा हसं झालं म्हणून गप्प बसलो, आणि माझ्या समोर मामी गाडी देऊन टाकायला निघाली. तुमच्या आसपास असं कुणी दिसलं, तर तुम्ही गप्प बसू नका. पहिला अंदाज चुकला तर दुसरा करा, तोही तपासून बघा, आणि ज्याला कळतं त्याला विचारा.