बारक्या माझ्यातूनच निघाला

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. भिंतीवरचा नाही आणि अल्बममधलाही नाही. मी कॉम्प्युटरच्या पोटात राहणारा फोटो आहे, मूळ फोटो. रुंदीला सहा हजार ठिपके, उंचीला चार हजार. एवढं सांगून झालं की माझी छाती फुगते. पण ही गोष्ट अभिमानाची नाही, जळफळाटाची आहे. ती मला पहिल्यापासूनच सांगू द्या.

माझा जन्म एका शिवणाच्या दुकानात झाला. दुकान एका शिंपीणबाईंचं. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. शाळेचे गणवेश, कोट, उशांचे अभ्रे, सगळं त्या शिवत. दुकानाची जाहिरात नेटवर टाकायची म्हणून त्यांनी समोरच्या फोटोवाल्याला बोलावलं. तो कॅमेरा घेऊन आला, दार सताड उघडून उजेड आत घेतला आणि मावशींना मशीनपाशी बसवलं. मावशी म्हणाल्या, "अरे, ते कोपऱ्यातलं दुसरं मशीनही येऊ दे."

"मावशी, त्याच्यावर तर कापड झाकलंय. दिसणार काय त्यात?"

"असू दे. कापडासकट येऊ दे."

फोटोवाल्यानं खांदे उडवले, दोन पावलं मागं सरकला आणि बटण दाबलं. झालो मी! मावशींच्या गळ्यात टेप, तोंडात टाचणी, डोळ्यांत हसू. नखाशी अडकलेला दोरासुद्धा माझ्यात दिसतो. आणि डावीकडे कोपऱ्यात ते झाकलेलं मशीन. निळ्या कापडावर कुणी तरी एक चिमणी भरली होती. चोचीचा टाका न् टाका मोजून घ्या.

स्टुडिओत आल्यावर फोटोवाल्यानं मला पडद्यावर उघडलं आणि बायकोला हाक मारली. तिला सगळे वहिनी म्हणत. कॉम्प्युटरचं काम तिच्याकडे. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अगं बाई! मावशी आत्ता टाचणी काढून बोलायला लागतील असं वाटतंय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सुख तेवढंच. पुढच्या घटकेला माझा वैरी जन्माला आला.

दुकानाच्या नेटवरच्या पानावर माझ्याएवढा अगडबंब फोटो चालत नाही. तो उघडायला वेळ लागतो आणि लोकांना धीर नसतो. म्हणून वहिनींनी माझी नक्कल केली. लहान करायचंच होतं, तर मला अख्खाच्या अख्खा लहान करता आला असता. पण वहिनींना टापटीप लागते. "हा कोपरा कशाला? नुसता पसारा," असं म्हणत त्यांनी डावीकडचा भाग कापूनच टाकला. मशीन गेलं, कापड गेलं, चिमणी गेली. उरलेला चौकोन आठशे ठिपक्यांत कोंबला आणि दुसऱ्या नावानं ठेवला. मी त्याचं नाव बारक्या ठेवलं.

आणि कानामागून आला अन् तिखट झाला! बारक्या पानावर चढला. तिथून गल्लीतल्या फोनमध्ये, फोनमधून पाहुण्यांकडे, पाहुण्यांकडून कुठं कुठं. "किती गोड फोटो!" "मावशी, हिरॉइन दिसताय!" कुणी तरी लिहिलं, "मूर्ती लहान पण कीर्ती महान." हे वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या चेहऱ्यावरचं हसू माझं. तो उजेड माझा. ह्यानं काय केलं? कमी जागा घेतली, एवढंच! मी मात्र फोल्डरच्या तळाशी पडून. कॉम्प्युटर सुरू झाला की वाटायचं, आज आपल्याला उघडतील. उघडायचे ते दुसऱ्याच कुणाला तरी, लग्नातल्या जोडप्याला नाही तर पासपोर्टच्या मुंडक्याला.

एकदा मात्र माझं नशीब फळफळलं असं वाटलं. मावशी स्वतः स्टुडिओत आल्या. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "वहिनी, माझा तो फोटो एका पत्त्यावर मेल करशील?"

"करते की. कुणाला?"

"धाकटीला."

वहिनींचा हात थांबला. "म्हणजे चिमणीला? पण तुम्ही तर एकमेकींशी बोलत नाही ना?"

"बोलत नाही म्हणूनच फोटो पाठवतेय."

त्या दोघी बहिणींची गोष्ट गल्लीला पाठ होती. वडिलांच्या माघारी दोघींनी मिळून दुकान चालवलं. दोन मशीनं शेजारीशेजारी, दिवसभर खडखडाट आणि खिदळणं. मग धाकटीला दूरच्या शहरात कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात काम मिळालं. थोरली म्हणाली, "जाऊ नकोस." धाकटी म्हणाली, "जाणार." शब्दानं शब्द वाढला. "जातेस तर जा, तुझं मशीन भंगारात घालते!" असं थोरली बोलून गेली, आणि "घाल, खुशाल घाल!" असं म्हणून धाकटी जी निघाली, ती परत फिरकलीच नाही. त्या गोष्टीला कित्येक वर्षं झाली होती.

"मोठा, चांगलाच पाठव हं," मावशी म्हणाल्या.

मला निवडलं! बारक्याला नाही, मला! मी मेलवर बसलो, निघालो, आणि दारातच ठेचकाळलो. "फाइल फार मोठी आहे," असा निरोप घेऊन मी जसाच्या तसा परत आलो. वहिनींनी पुन्हा ढकललं, मी पुन्हा परत. शेवटी त्या म्हणाल्या, "मावशी, ह्याचं काही खरं नाही. तिकडे नेटची बोंब असेल तर पोचला तरी उघडायचा नाही. बारका पाठवते, चटकन जाईल."

"चेहरा तोच ना?"

"अगदी तोच."

"मग पाठव."

कोपरा! अहो, कोपरा कापलाय त्याचा! मला ओरडावंसं वाटलं. पण फोटोला तोंड असतं, आवाज नसतो. मावशींनी बारक्याला पाहिलं होतं ते तळहाताएवढ्या फोनवर, तेही चष्म्याशिवाय. कापाकापी त्यांच्या ध्यानात कशी येणार? बारक्या पाखरासारखा भुर्रकन गेला. आणि धाकटीकडून ना उत्तर आलं, ना फोन. पुढं कित्येक दिवस मावशी स्टुडिओच्या दारावरून जाता जाता विचारायच्या, "काही आलं का गं?" वहिनी मान हलवायच्या. मग मावशींनी विचारणं सोडलं.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त काय वाटलं असेल? बरी जिरली बारक्याची!

जिरायची पाळी आता माझी होती. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी पडू लागली. वहिनींनी पदर खोचला आणि साफसफाईला बसल्या. मोठमोठ्या फाइली एकेक करून कचरापेटीत. माझ्यावर बोट आलं तेव्हा त्या पुटपुटल्या, "ह्याचा बारका आहे की. मग हा धोंडा कशाला सांभाळायचा?" टक् करून आवाज झाला आणि मी कचऱ्यात. तिथं अंधार होता आणि माझ्यासारखेच कितीतरी मूळ फोटो होते. सगळ्यांची तक्रार एकच, आमच्या पोटी जन्मलेले बाहेर मिरवतायत आणि आम्ही इथं.

पेटी रिकामी झाली की फोटो कायमचा जातो. वहिनी ती कधी रिकामी करतील ह्याचा नेम नव्हता.

त्याच सुमारास गावातल्या वाचनालयानं एक बेत आखला. हातानं काम करणाऱ्या माणसांचे मोठे फोटो छापायचे आणि सभागृहात लावायचे. सुतार, चांभार, पाववाला, घड्याळजी आणि शिवणातल्या आपल्या मावशी. आमंत्रण नेटवर झळकलं, त्याच्या वरच्या कोपऱ्यात कोण? बारक्या! भिंतीवर लावायलाही वहिनींनी त्यालाच बॅनरवाल्याकडे धाडलं. मी कचऱ्यात पडल्या पडल्या जळून कोळसा झालो. पाच फुटांची भिंत, आणि तीही ह्यालाच!

दुसऱ्या दिवशी बॅनरवाला स्टुडिओत आला, तो कागदाची गुंडाळी नाचवतच.

"वहिनी, हे काय पाठवलंत? बघा तरी! मावशींच्या नाकाच्या विटा झाल्यात!"

वहिनींनी गुंडाळी उलगडली आणि कपाळावर हात मारला. चेहरा कुठला, नुसते चौकोनी ठोकळे. डोळ्यांच्या जागी दोन काळी खोकी, टाचणीची तर पाचर झाली होती.

"फोनवर तर इतका छान दिसतो हो!"

"फोन तळहाताएवढा, भिंत पाच फुटांची. ह्याच्याकडे ठिपके आहेत मूठभर. ताणून ताणून किती ताणू? वाटीभर रंगात घर रंगवायला सांगताय तुम्ही. ह्याचा मूळ फोटो असेल ना?"

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी आतल्या खोलीत नवऱ्याला हाक मारली. "अहो, मावशींचा मोठा फोटो मी टाकून दिला."

फोटोवाला हातातलं काम टाकून धावत आला. "कचरापेटी रिकामी केलीस का?"

"आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे?"

"ओरडू नका, बघते!"

पेटी उघडली. उजेड आत आला. आणि मी होतो! वहिनींनी मला परत जागेवर ठेवलं, उघडलं, आणि त्या दिवशीसारख्याच बघत राहिल्या. मग नजर डावीकडे गेली. "अहो, ही चिमणी मी कापली होती?" त्या हलकेच म्हणाल्या. फोटोवाला म्हणाला, "मावशींनी मुद्दाम घ्यायला लावली होती ती." वहिनींनी जीभ चावली. बॅनरवाल्याला बजावलं, "आहे तसा छापा. एक ठिपकासुद्धा कापायचा नाही."

मित्रांनो, बारक्याच्या विटा झालेल्या पाहून मी मनातल्या मनात नाचलो. शत्रूची फजिती झाली की कोण रडतं?

मी कागदावर उतरलो. पाच फूट रुंद, इंचाला शंभर ठिपके. हातात धरायच्या पुस्तकाला इंचाला तीनशे लागतात, पण भिंतीवरचा फोटो लोक लांबून बघतात, म्हणून तेवढे पुरतात. सभागृहात दारासमोरच मला लावलं. लोक यायचे, थबकायचे, "वा!" म्हणायचे. मावशी नव्या कोटात एका बाजूला उभ्या होत्या. आणि मी? मी जग जिंकलं होतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक बाई दारात आली. खांद्याला प्रवासाची पिशवी, हातात फोन. ती आत येईना. एकदा फोनकडे बघे, एकदा माझ्याकडे. तिच्या फोनवर कोण होतं ते मी लांबूनच ओळखलं. बारक्या! मी पाच फूट पसरलेला असताना ही त्या चिटुकल्याकडे बघत होती.

मग ती पुढं आली. चेहरा पाहिला, गळ्यातली टेप पाहिली. परत वळणार तेवढ्यात तिची नजर माझ्या डाव्या कोपऱ्यात गेली. ती तिथंच खिळली. बोट उचलून तिनं कागदावरच्या चिमणीच्या चोचीला लावलं.

"हे तर माझं मशीन," ती स्वतःशीच म्हणाली.

"मग कुणाचं असणार?" मागून मावशींचा आवाज आला.

धाकटी वळली. वहिनी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"तू तर भंगारात घालणार होतीस ना?"

"घालणारच होते. हमाल मिळाला नाही."

"इतकी वर्षं?"

"हल्लीचे हमाल फार मिजासखोर झालेत बाई."

धाकटी हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. मावशींनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"तेल घालतेस का त्याला?"

"न घालून कुणाला सांगते? तू आल्यावर माझ्याच नावानं खडे फोडले असतेस. पण फोटो धाडला तेव्हा एक ओळ लिहायला तुझे हात मोडले होते का गं?"

"तो फोटो बघितला तेव्हा वाटलं, ताई मिरवतेय नुसती. शेजारी माझी जागा दिसेना. पण तुझा चेहरा किती वाळला होता! रोज जेवणाच्या सुट्टीत उघडून बघायचे. तिकडं नेट एवढंसं, दुसरं काही उघडत नाही, हा तेवढा पटकन उघडायचा. मग एक दिवस ह्याच फोटोखाली आमंत्रण दिसलं. ठरवलं, लांबून बघायचं आणि निघायचं."

"आणि आता?"

"आता काय, मशीन उघडून बघते. तू तेल कुठं कुठं घातलं असशील देव जाणे."

दोघी माझ्यासमोरून बोलत बोलत निघून गेल्या. धाकटीनं एकदाही मागं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. फोन मात्र जाताना तिनं जपून खिशात ठेवला.

मित्रांनो, मी त्यावर पुष्कळ विचार केला. तिला थांबवलं मी, हे खरं. पण इथवर आणलं कुणी? मी तर दारातच अडकलो होतो. रोज दुपारी तिच्यासमोर उघडायचा तो बारक्या. हे कबूल करताना आजही माझ्या पोटात दुखतं, पण दुखलं म्हणून खोटं थोडंच ठरतं?

म्हणून तुम्हाला एक विनवणी आहे. फोटो पाठवायचा असेल तर खुशाल लहान करा, पण आधी त्याची नक्कल करा आणि तिला वेगळं नाव द्या. कापताना कुणाचा कोपरा जातोय ते विचारून घ्या. आणि मूळ फोटो टाकू नका, जमलं तर दोन ठिकाणी ठेवा. बारका मोठा होत नाही. मोठ्याचे बारके हवे तितके होतात.

आता माझं बरं चाललंय. वहिनी मला अधूनमधून उघडतात. बारक्याशी माझं भांडणही मिटत आलं होतं. पण परवा फोटोवाला नवा कॅमेरा घेऊन मावशींच्या दुकानात गेला. दोन मशीनं, दोन बहिणी, दोघींची तोंडं एकाच वेळी चालू, असा फोटो काढून आणला आणि माझ्याच फोल्डरमध्ये, अगदी माझ्या शेजारी ठेवला. त्याच्यात ठिपके माझ्या दुप्पट आहेत. वहिनी त्याला रोज उघडतात.

मला तो अजिबात आवडत नाही. पण त्यालाही सांभाळा हं, मित्रांनो.